फुलपाखरांची बाग लावताना या चुका टाळा

अळी दिसताच औषध मारणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली आणि सर्वांत जास्त जिव्हारी लागणारी चूक आहे. पुण्यातील एका सोसायटीच्या बागेत मी लिंबू आणि कढीपत्ता मुद्दाम लावून दिले होते, कारण २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या नीलवंताच्या अळ्यांना लिंबूवर्गीय झाडांचीच पाने लागतात आणि कढीपत्त्यावरही याच कुळातील काही फुलपाखरे अंडी घालतात. दुसऱ्या श्रावणात पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या बारीक अळ्या आल्या. काही दिवसांनी त्या हिरव्या होतील आणि महिनाभरात फुलपाखरे उडतील, तोवर पाने कुरतडली तरी झाड मरत नाही, असे मी सर्वांना समजावून सांगितले होते. तरीही पुढच्या रविवारी पोहोचलो तेव्हा फवारणी उरकलेली होती आणि आळ्यात मेलेल्या अळ्या पडल्या होत्या. त्यातही औषध आंतरप्रवाही होते, म्हणजे ते झाडात भिनून फुलांतील मधात आणि परागात उतरणारे, त्यामुळे मधमाश्यांनाही धोका झाला. मी कोणतेही औषध ठेवत नाही. मावा फार वाढला तर पाण्याचा जोरदार फवारा मारतो आणि अळ्यांना त्यांचा वाटा खाऊ देतो.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. पावसाळ्यात रोपवाटिकेत जाऊन त्या दिवशी जे फुललेले असेल तेच उचलून आणले, की बाग दोन महिने बहरते आणि नंतर मधमाशीला तेथे काहीच उरत नाही. मी खरेदीपूर्वी बारा महिन्यांचा तक्ता करतो: पावसाळ्यात तेरडा आणि भारंगी, पाऊस ओसरताना कुर्डू, हिवाळ्यात कोरांटी आणि अडुळसा, पुढे धायटी, आणि उन्हाच्या ऐन तडाख्यात कुडा. जागा मोठी असेल तर पळस, पांगारा आणि करंज अवश्य लावावेत, मात्र त्यांच्या बहरासाठी काही वर्षे थांबण्याची तयारी हवी. तीन महिन्यांत फुलपाखरे हवीत म्हणून घाणेरी लावणाऱ्यांशी माझे कधीच पटत नाही. तिच्यावर फुलपाखरे येतात हे खरे असले, तरी या परदेशी झुडपाने आपल्या रानांत देशी झाडोऱ्याची जागा बळकावली आहे आणि पाखरे तिची फळे खाऊन बी दूरवर नेतात.

तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नयेत. निम्म्या तरी मधमाश्यांसाठी राहू द्याव्यात.

कुंपणाकडेची रुई तण समजून उपटू नये, कारण रुईवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या लिंबाच्या पानावर जगत नाहीत.

अंगण पूर्णपणे फरशीने झाकणे हीदेखील चूकच आहे, कारण एकट्याने राहणाऱ्या अनेक मधमाश्या उघड्या मातीत बीळ करून अंडी घालतात. माझ्या बागेत चार फूट लांबीचा एक कोपरा मी खणत नाही आणि तेथे पालापाचोळाही पसरत नाही. शेजारी वाळलेला बांबू उभा करून ठेवला आहे, त्यात काळे भुंगे भोक पाडून राहतात.