बाळ रात्री झोपत नाही? आधी दिवसा खोलीची खिडकी उघडा

पहिलंच सांगते, महिना-दोन महिन्यांचं बाळ रात्रभर सलग झोपेल ही आशाच सोडा. पोट एवढंसं, दूध दोन-तीन तासांत जिरतं, मग ते उठणारच की. दिवसाला १४ ते १७ तास झोपतं पण तुकड्या-तुकड्यानं. दिवस-रात्र कळायला २-३ महिने जातात, सलग झोप बऱ्याच बाळांना सहाव्या महिन्याच्या आसपास लागते, काहींना त्याहून उशिरा. शेजारच्या काकूंचं नातवंड म्हणे पंधराव्या दिवसापासून रात्रभर झोपतंय, ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

आता आपल्याकडं काय होतं बघा. बेळगाव-खानापूरचा पाऊस, वारं लागेल म्हणून बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या बंद, भर दुपारी अंधार, आणि रात्री सगळे कामावरून आले की ट्यूबलाईट, टीव्ही, वर बाळ बघायला पाहुणे, तेही साडेनऊला. त्या जीवाला कळणार कसं रात्र कुठली ते? उलटं करा. सकाळी पडदा सरकवा, उजेड येऊ दे, कुकरची शिट्टी वाजली तर वाजू दे, जागं असलं की बोला त्याच्याशी, मराठी कन्नड जे येईल ते. तेल-पाणी झाल्यावर गाढ झोपतं ते खरं, पण तीन तास होत आले की उठवून पाजा. रात्री मात्र झिरोचा बल्ब, गप्पा नाहीत, मोबाईल नाही, लंगोट शी झाली किंवा भिजला तरच बदलायचा.

मांडीवर पूर्ण झोपेपर्यंत थांबू नका, पेंगुळलं की ठेवा. आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, शेवटी डोकं, आणि हात लगेच काढायचा नाही, छातीवर हलकेच तसाच राहू दे. कुरकुरलं की झडप घालून उचलू नका, बाळं झोपेतही कुंथतात, आवाज काढतात, जरा थांबलात तर बऱ्याचदा आपणच परत झोपतात.

झोपवायचं पाठीवरच, सपाट घट्ट अंथरुणावर. वाकळ तोंडावर येईल अशी नको, मोहरीची उशीही नको (आज्जी रागावतील, रागावू दे). झोळीत मान वाकून हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडतो, म्हणून रात्री झोळी नाही, दिवसा समोर कुणी बसलं असेल तर ठीक. शेगडीची धुरी त्या खोलीत नको. सहा महिने आईचंच दूध, पाणी-गुटी काही नाही, मध तर वर्षभर नाही. आणि झोपेसाठी गोळी उगाळून कुणी देत असेल तर हात धरा, पूर्वी बाळगोळीत अफू असायची, म्हणून ती बाळं गप्प पडायची.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, दूध ओढेना किंवा मलूल पडलं, यातलं एक जरी झालं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि नवऱ्याला उठवा हो. पाजणार तुम्हीच, पण ढेकर काढायला आणि लंगोट बदलायला त्याला काय धाड भरलीय?