बाहेरचा डीव्हीडी रायटर मध्येच अडकतोय? आधी पोर्ट बदला

लग्नाचं शूटिंग डीव्हीडीवर उतरवताना ऐंशी-नव्वद टक्क्यांवर एरर येते आणि डिस्क वाया जाते. अशा वेळी रायटर खराब झाला असं लगेच समजू नका. बऱ्याचदा त्याला वीज कमी पडत असते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. पातळ रायटरला राइट करताना ५०० पुरेलच असं नाही.

१. हब आणि लांब एक्स्टेंशन काढा. डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट जोडा, लॅपटॉपला निळा पोर्ट (बहुतेक वेळा तोच ३.० असतो) वापरा.
२. तरीही ड्राइव्ह टक्-टक् करून बंद-चालू होत असेल, तर दोन यूएसबी टोकांची वाय-केबल घ्या आणि दोन्ही टोकं लावा.
३. फाइल्स पेन ड्राइव्हवरून नको, आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा.
४. स्पीड ८एक्स ऐवजी ४एक्स ठेवा. भरलेल्या डिस्कला पंधराएक मिनिटं लागतील, लागू द्यात. तेवढ्या वेळात टेबलही हलवू नका.
५. राइट झालेली डिस्क तपासणाऱ्या 'व्हेरिफाय' पर्यायावर टिक हवीच.

डिस्क दुसऱ्या मशीनवर शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय मूळ फाइल्स मात्र डिलीट करू नका.