गारगोटीला चकाकी आणायची असेल तर एवढं करा

आपल्या सोलापूर भागात गारगोटी शोधायला लांब जावं लागत नाही, रानाच्या बांधावर टाकलेल्या दगडांत, विहिरीच्या उपशात, सीना नदीच्या पात्रात बघा, कुठंतरी पांढरट करडा तुळतुळीत तुकडा दिसतोच. हा सगळा भाग काळ्या दगडाचा, म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात वायूचे बुडबुडे अडकून जी भोकं राहिली त्यात पुढं पाणी झिरपून झिरपून गारगोटी आणि अकीक, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी, भरला. कुणाच्या रानातला असेल तर मालकाला विचारून घ्या. आणि हत्तरसंग कुडलला सीना-भीमेच्या संगमावर गेलात तर देवळाच्या आसपासचा खडासुद्धा उचलू नका, तिथं शके 940 चा मराठी शिलालेख आहे, ती जागा आहे तशीच राहिली पाहिजे.

घरी आणला की आधी घासून धुवा आणि चाकूचं टोक ओढून बघा. ओरखडा पडला तर तो मऊ दगड, बहुतेक कॅल्साइट, पहिल्यांदा तो नको. ओरखडा न पडता उलट दगडावरच लोखंडाची करडी रेघ उमटली तर गारगोटी, खनिजांच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर (मोस) कडकपणा 7, हीच घ्या. भेगा असलेला सोडून द्या. आत बारीक सुया नाहीतर मोत्यासारखी चमकणारी पानं असतील तर ते झिओलाइट, याच भोकांत तयार होणारं नाजूक खनिज, त्याला घासायचा कागद लावायचाच नाही, मऊ ब्रशनं धूळ काढून तसंच ठेवायचं, घासलं तर सगळं सौंदर्य जातं.

अख्खा दगड गुळगुळीत करायच्या मागं लागू नका. एकच बाजू सपाट करून पॉलिश करा आणि बाकीची साल तशीच ठेवा, मला तरी असाच नमुना आवडतो, दगड बाहेरून कसा होता आणि आत काय होतं ते दोन्ही दिसतं. कडप्पा-ग्रॅनाइट कापणाऱ्याकडं पाण्याच्या कटरवर एक काप मारून मिळाला तर निम्मं काम झालं.

हार्डवेअरमधून काळा वॉटर पेपर आणा, 80, 120, 220, 400, 600, 1000 आणि 2000 नंबरचा, नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. जुनी फरशी किंवा जाड काच सपाट ठेवायची, त्यावर कागद, वर पाणी, आणि दगड घासायचा. कोरडं कधीच घासू नका, गारगोटीची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते ती निघत नाही, पाणी सतत पाहिजेच. 80 चा कागद सगळ्यात जास्त वेळ खातो, दोन-तीन संध्याकाळी जातात, जाऊ द्या.

आता खरी गोष्ट. ओला दगड कायम चांगलाच दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका. पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि ट्यूबच्या उजेडात तिरका धरा, जुन्या कागदाच्या रेघा दिसतात का बघा. माझ्या पहिल्या अकीकला मी 220 वरून सरळ 1000 वर गेलो, चकाकी आली पण उजेडात धरल्यावर सगळीकडं केसासारख्या रेघा, मग परत 220 पासून सुरुवात करायला लागली. म्हणून प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, आधी उभं घासलं असेल तर आता आडवं, म्हणजे मागच्या रेघा राहिल्या तर लगेच कळतात, आणि त्या सगळ्या गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. मधल्या मधे दगड, फरशी, हात, नखंसुद्धा ब्रशनं धुवा, 80 चा एक कण 1000 च्या कागदावर आला तरी पुरतो, एका फेरीत लांब ओरखडा ओढतो.

2000 नंतर काचवाले वापरतात ती सेरियम ऑक्साइड पावडर, पाण्यात पातळ लापशीसारखी कालवा, जुन्या जीन्सचा तुकडा लाकडाच्या ठोकळ्यावर घट्ट ताणून त्यावर लावा. सुरुवातीला नुसतं घसरतं, काहीच होत नाही असं वाटतं, पण कापड वाळत आलं आणि दगड हाताला जड जायला लागला, जरा चिकटल्यासारखा, की तेव्हाच चकाकी चढते. अकीकच्या पट्ट्या एकेक करून उघडतात, ते बघायला घरातले सगळे गोळा होतात. दगड गरम व्हायला लागला तर थांबा, थोडं पाणी शिंपडा.

घासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, गाळ पाइपात घट्ट बसतो, बादलीत बसू द्या, वरचं पाणी काढा आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. दगड धुऊन जुन्या सोलापुरी टॉवेलनं पुसा, तेल-वार्निश काही लावू नका. खाली जुनी बांगडी ठेवली की गोल बुडाचा दगडसुद्धा डुगडुगत नाही, आणि शेजारी चिठ्ठीवर कुठल्या रानात, कुठल्या तारखेला मिळाला ते लिहून ठेवा.