टेन्स मशीन घरी आणलंय? मग या चुका टाळा

हल्ली बऱ्याच पेशंटच्या घरी टेन्सचं मशीन असतं, म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट सोडून दुखणं कमी करणारं यंत्र. मुलगा ऑनलाइन मागवून देतो, आई ते गुडघ्याला लावते आणि थोड्याच दिवसांत "काही उपयोग नाही हो त्याचा" म्हणून ते कपाटात जाऊन पडतं. मशीन बहुधा ठणठणीत असतं. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर लावलं आणि नेमकं कुठे लावलं, गडबड तिथे असते.

फ्रिक्वेन्सी म्हणजे जोर, हा गैरसमज तर मी रोज ऐकते. "मॅडम, शंभरवर ठेवलं होतं, तरी फरक नाही!" अहो, शंभर हर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर स्पंद. जोराचं बटण वेगळं, त्याला इंटेन्सिटी म्हणतात. 80 ते 100 हर्ट्झवर सलग मुंग्या येतात. 2 ते 4 हर्ट्झवर जोर पुरेसा असेल तर स्नायू टपटप उडतो. या दोन्हींचं काम वेगवेगळ्या वाटांनी चालतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये 'गेट कंट्रोल' सिद्धान्त मांडला: स्पर्शाच्या जाड मज्जातंतूंमधून येणारे संदेश दुखण्याच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवतात. टेन्सचा जन्म त्यातूनच झाला आणि जास्त फ्रिक्वेन्सीचा आराम मुख्यतः असा समजावला जातो. कमी फ्रिक्वेन्सी शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांवर, एंडॉर्फिनसारख्या रसायनांवर, जास्त भिस्त ठेवते. तो आराम सावकाश येतो, पण मशीन काढल्यावरही थोडा रेंगाळतो.

म्हणून टाके ताजे असतील तर मी कमी फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही, स्नायू उडला की टाके ओढले जातात. जुन्या, आखडलेल्या कंबरेला मात्र ती चालते. मॉर्फिनच्या जातीची औषधं बरेच दिवस चालू असतील तर तिचा उपयोग कमी होऊ शकतो, कारण वाट तीच असते. आणि तो 'ऑटो मोड', जिथे सेटिंग मशीनच ठरवतं! विचार करायचा कंटाळा आलेल्यांसाठीच तो बनवलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

जोर फार कमी ठेवणं ही आणखी एक चूक. 2003 मध्ये यान ब्योर्डाल आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या टेन्सच्या 21 चाचण्या एकत्र तपासल्या. जिथे फ्रिक्वेन्सी योग्य आणि जोर सणसणीत पण सोसवेल इतका होता, तिथे नकली टेन्सच्या तुलनेत वेदनाशामकं सुमारे 35 टक्के कमी लागली. बाकीच्या चाचण्यांत हा फरक जेमतेम 4 टक्के होता. नुसतं गुदगुल्या करत बसायचं असेल तर मशीन लावूच नका.

आता जागा. दुखतं तिथेच पॅड चिकटवायचा, एवढंच लोकांना माहीत. कंबरेतली नस दबून पोटरी दुखत असेल तर मी एक जोडी कंबरेला लावते, दुसरी दुखण्याच्या वाटेवर. गुडघ्याच्या वाटीवर पॅड ठेवत नाही, चार पॅड भोवतीने लावते.

एक निवृत्त गुरुजी पावलाला पट्टी बांधून आले होते. जुना मधुमेह, तळपायांची आग. व्हिडिओ बघून त्यांनी थेट तळव्यांना पॅड लावले. काही जाणवेना, म्हणून जोर वाढवत गेले, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. पॅड जुने होते, कडा वाळून सुटलेल्या. त्यामुळे सगळा करंट मधल्या रुपयाएवढ्या जागेतून जात राहिला. पायाला संवेदनाच नव्हती, मग भाजलेलं कळणार कसं? दुसऱ्या दिवशी मोज्यावरचा डाग बायकोने पाहिला. मधुमेहात असली जखम किती दिवस छळते ते वेगळं सांगायला नको. "पण मशीनवर तर सुरक्षित लिहिलंय," हे गुरुजींचं म्हणणं. तेव्हापासून पेशंट कितीही ओळखीचा असो, पॅड लावण्याआधी मी डोळे मिटायला सांगते. एकदा टूथपिकचं टोक, एकदा कापसाचा बोळा. फरक ओळखता आला नाही तर त्या जागी पॅड नाही. संवेदना शाबूत असलेली वरची जागा शोधायची.

बाकीचं थोडक्यात. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन घरातही आणू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीच नाही. गरोदरपणी पोटाला नाही. जखमेवर, पुरळावर नाही. मशीन लावून झोपू नका, गाडी चालवू नका. रोज एकाच सेटिंगवर लावलं तर काही दिवसांत शरीर सरावतं आणि आराम ओसरतो, म्हणून मी फ्रिक्वेन्सी आलटूनपालटून वापरायला सांगते.

आणि पॅड चिकटेनासा झाला की टाकून द्या. तो सेलोटेपने चिकटवून आणणारे दर महिन्याला भेटतात, वर मलाच विचारतात, "मॅडम, चटका का बसतो?"