वाकणाऱ्या सेन्सरला वायर जोडताना

बोटाचं वाकणं मोजणारा फ्लेक्स सेन्सर किंवा दाब मोजणारा एफएसआर (फोर्स सेन्सिंग रेझिस्टर) मधल्या भागात सहसा बिघडत नाही. बिघडतो तो शेपटीपाशी, जिथे वायर जोडलेली असते. आणि हा बिघाड लबाड असतो. फ्लेक्स सेन्सर वाकला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. जोड सैल झाला तरी वाढतो. आकडा बघून बोट वाकलं की जोड हलला, हे सांगता येत नाही. एफएसआर तर न दाबता ठेवला की मल्टिमीटरवर तुटलेल्या वायरसारखंच ‘ओएल’, म्हणजे मोजण्यापलीकडचा रोध, येतं. म्हणून वायर लावण्याआधी सेन्सरच्या पिनांना मगरचिमटे लावून आकडे घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. 2.2 इंची फ्लेक्स सेन्सर सपाट असताना साधारण 25 किलोओहम दाखवतो, पण नगानगात तीसेक टक्क्यांचा फरक पडतो. एफएसआरवर 100 ग्रॅमचं वजन ठेवून आकडा घ्या.

वायर कोणती, यावर अर्धं काम ठरतं. ब्रेडबोर्डची (भोकांच्या जोडणी-पाटीची) एकतारी वायर नकोच, ती दहावीस वेळा वाकली की आतून तुटते. सिलिकॉन आवरणाची, बारीक तारांची 28 किंवा 30 गेजची वायर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘सिलिकॉन वायर’ म्हणून मागा. दोन रंगांचे 15-15 सेंटिमीटरचे तुकडे पुरतात.

आता सोल्डर. हे सेन्सर सहसा पॉलिएस्टरसारख्या पातळ प्लास्टिक फिल्मवर छापलेले असतात. पॉलिएस्टरची फिल्म 80 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते आणि साधं 63/37 (कथील-शिशाचं) सोल्डर 183 अंशांना वितळतं, म्हणजे उष्णता फिल्मपर्यंत पोचली की खेळ खलास. छापलेल्या पट्ट्यांवर थेट सोल्डर कधीच करू नका. फक्त धातूच्या पिनेवर, तेही टोकाला. वायरचं आवरण 4 मिलिमीटर सोला, तारा पिळून घ्या आणि त्यांतल्या टोकाच्या 2 मिलिमीटरलाच सोल्डर लावा. जास्त लावलंत तर ते तारांमधून चढून आवरणाखाली शिरतं. वरून वायर मऊ दिसते, आत मात्र काडी झालेली असते, आणि ती नेमकी जिथे संपते तिथेच पुढे तुटते. दीड मिलिमीटरची श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसणारी नळी) आधीच वायरवर सरकवून मागे ठेवा.

पिनेवरही थोडं सोल्डर हवं. सोल्डरिंग आयर्न 300 ते 320 अंशांवर असू द्या. पिनेच्या मुळाशी, फिल्मच्या बाजूला, धातूचा चिमटा लावा. उष्णता तो खाईल. वायर पिनेवर धरून आयर्न टेकवा, दोन सेकंदांत उचला, पंधरा सेकंद थांबा, मग दुसरी पिन. श्रिंक ट्यूब आकसताना फिल्मवर ओला टिश्यू गुंडाळा, नाहीतर गरम हवेने फिल्म पापडासारखी वळते. हात स्थिर नसेल तर सोल्डरचा हट्ट सोडा आणि क्रिंप केलेलं (वायरवर दाबून बसवलेलं) फिमेल कनेक्टर पिनेवर बसवा. सतत काढघाल होणार असेल तर तेच बरं.

इथवर बहुतेकजण नीट करतात. तरी जोड तुटतो, कारण कडक जोड आणि मऊ फिल्म यांच्या सीमेवर सगळा वाक गोळा होतो. ही सीमा वाकूच नये अशी सोय करा. जुन्या एटीएम कार्डातून 30 बाय 10 मिलिमीटरची पट्टी कापा. एका बाजूने फिल्मच्या शेवटच्या 5-6 मिलिमीटरखाली, मधे पिनांखाली, आणि दुसऱ्या बाजूने निदान 10 मिलिमीटर आवरण असलेल्या वायरखाली ती आली पाहिजे. कडा काचकागदाने गोल करा. धारदार कड ठेवली तर फिल्म तिथेच मोडायला लागते. दुहेरी टेपने पट्टी चिकटवा, पट्टीला दोन भोकं पाडून वायर दोऱ्याने बांधा. फेविक्विक टाळा. ते तारांमध्ये झिरपतं, वायर ठिसूळ करतं आणि सोल्डरने जे झालं असतं तेच करतं.

हातमोज्यावर बसवताना ही पट्टी तळहाताच्या मागच्या बाजूला, बोटाच्या सांध्यापासून लांब यावी. तिच्यापुढे वायरला दोनतीन सेंटिमीटरचं सैल वळण देऊन मगच ती कापडाला शिवा; ओढ बसली तर वळणाला बसेल, जोडाला नाही.

वाहक (वीज वाहून नेणाऱ्या) दोऱ्याचा कापडी सेन्सर असेल तर दोऱ्यावर सोल्डर करणं विसरा. असा दोरा स्टेनलेस स्टीलचा असेल तर त्यावर नेहमीच्या फ्लक्सने (सोल्डर धरायला लावतात त्या पदार्थाने) सोल्डर धरतच नाही. तिथे धातूचं टिचबटण कामाला येतं. त्याचा वरचा चकाकता थर घासून आधी त्याला वायर सोल्डर करा, गार झालं की वाहक दोऱ्याने प्रत्येक भोकात चारपाच टाके घालून शिवा. गाठ सुटू नये म्हणून नेलपॉलिशचा थेंब चालतो, पण मल्टिमीटरने तपासून झाल्यावरच. आधी लावलात तर तो दोरा आणि धातूच्या मधे शिरून विजेची वाटच अडवतो.

सिलिकॉनच्या सेन्सरला सिलिकॉनच चिकटतं. बाकी गोंद सालीसारखे सुटतात. फक्त व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट घेऊ नका, त्यातलं आम्ल तांब्याला गंज चढवतं. न्यूट्रल प्रकारचं मागा. वायर आधी सुती कापडाच्या चिंधीवर शिवून ती चिंधी सीलंटमध्ये भिजवून बसवली की ओढ कापडावर जाते. रात्रभर वाळू द्या.

तपासणी करताना सेन्सर टेबलावर सपाट चिकटवा आणि फक्त वायर हलवा: वर, खाली, दोन्ही बाजूंना, पन्नास वेळा. सेन्सर हललाच नाही, तर आकडाही हलता कामा नये. एफएसआरला ही परीक्षा तेच 100 ग्रॅमचं वजन ठेवून द्या, रिकाम्या एफएसआरवर ती कायम पासच होते. आकडा उडी मारत असेल तर पट्टी दाबून धरा आणि पुन्हा हलवा. उड्या थांबल्या तर जोड बहुधा ठीक आहे, बांधणी सैल आहे. नाही थांबल्या तर श्रिंक ट्यूब कापून सोल्डर परत करा.