जर्मनीत आपल्याच ट्रेडमध्ये काम मिळवण्यासाठी निघण्यापूर्वीची तयारी

मराठवाड्यातून जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या आयटीआय किंवा नर्सिंग झालेल्या मुलामुलींचे सारे लक्ष व्हिसावर असते; परंतु तिथे पोहोचल्यावर फिटर म्हणून उभे राहायचे की गोदामात खोकी उचलायची, हे बऱ्याच अंशी इथे असतानाच जमवलेल्या कागदांवर आणि शिकलेल्या भाषेवर ठरते.

सर्वप्रथम आपले काम तिथे परवान्याचे आहे का, ते पाहावे. परिचारिकेला संबंधित जर्मन राज्याच्या परवान्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही आणि तो मिळेपर्यंत साहाय्यक म्हणून कमी पगारावर राहावे लागते. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला नोकरी करण्यासाठी अशा परवान्याची गरज नसली, तरी व्हिसाच्या अनेक मार्गांसाठी शिक्षणाची मान्यता लागते. औद्योगिक ट्रेडची ही तपासणी मुख्यत्वे न्यूरेंबर्गची 'आयएचके फोसा' ही संस्था करते.

इथे एक बारकावा अनेकांच्या लक्षात येत नाही. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या, नोकरी शोधण्यासाठीच्या 'चान्सेनकार्टे' या व्हिसाला किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण लागते. फिटर व इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड त्यात बसू शकतात; एक वर्षाचा वेल्डर मात्र केवळ त्या प्रमाणपत्रावर बसत नाही.

जर्मन प्रशिक्षण बहुधा तीन ते साडेतीन वर्षांचे आणि निम्म्याहून अधिक प्रत्यक्ष कारखान्यात होणारे असल्यामुळे आपला अभ्यासक्रम त्यापुढे अपुरा ठरू शकतो. ही उणीव अनुभवाने भरून काढता येते, पण तो अनुभव कागदावर दिसला पाहिजे. वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना सहसा 'वर्तणूक चांगली होती' एवढाच दाखला मिळतो आणि तपासणीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. कोणत्या मशीनवर, कोणते काम, किती काळ आणि कोणती मापने घेऊन केले, हे लिहिलेला दाखला नोकरी सोडण्यापूर्वीच मागून घ्यावा, कारण सोडल्यानंतर सुपरवायझर फोनही उचलत नाही. कंत्राटदाराकडे काम केलेल्यांनी पगारपत्रके आणि पीएफ पासबुकाच्या प्रती जपाव्यात. मान्यता अंशतः मिळाली तर खचून जाऊ नये: निकालात कोणता भाग कमी आहे ते लिहिलेले असते आणि तेवढेच प्रशिक्षण तिथे जाऊन पूर्ण करण्यासाठी वेगळा व्हिसा मिळू शकतो.

भाषेत काटकसर करू नये. परिचारिकेच्या परवान्यासाठी साधारणपणे जर्मनची बी-२ पातळी, म्हणजे स्वतंत्रपणे सहज बोलता-लिहिता येईल इतकी भाषा, अपेक्षित असते. कारखान्यात लेखी अट कमी असली, तरी सुरक्षेच्या सूचना आणि शिफ्ट बदलतानाची नोंद जर्मनमध्येच असते. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, ज्या राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, वर्गातील जर्मन आणि वर्कशॉपमधील जर्मन यांत लातूरच्या बोलीत व पाठ्यपुस्तकी मराठीत असावे तसे अंतर आहे. त्यामुळे शेवटचे काही महिने तिथल्या लोकांचे साधे बोलणे रोज ऐकावे.

एजंट गाठण्यापूर्वी त्याचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून जीएसटी वगळता ३०,००० रुपयांहून अधिक घेता येत नाही; त्यामुळे कोणी शेत विकायला लावत असेल, तर तिथून उठून यावे.

पोहोचल्यावर घर मिळताच दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी, कारण कर-क्रमांकाचे काम त्यावर अवलंबून असते. नोकरीचा परिवीक्षाकाल (प्रोबेशन) बहुधा सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या सूचनेवर कामावरून कमी करता येते. आजारी पडल्यास शिफ्ट सुरू होण्यापूर्वीच कळवावे. काम समजले नसताना 'हो' म्हणण्याची आपली सवय तिथे धोक्याची ठरते. पुन्हा विचारणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही, चुकीचा भाग कापणाऱ्याला मात्र लेखतात.