शेजारच्या गॅलरीत बांधून ठेवलेला कुत्रा: मदत करताना या चुका टाळा

रस्त्यावरच्या जखमी कुत्र्याला दवाखान्यात न्यायचं तर कुणाला विचारावं लागत नाही. पाळलेल्या कुत्र्याला मालक असतो, आणि कायद्याच्या नजरेत तो कुत्रा त्या मालकाची मालमत्ता असतो. इथेच चांगल्या मनाची माणसं अडखळतात. उपाशी, साखळीला बांधलेला, केसांच्या जटा झालेला कुत्रा डोळ्यांसमोर असतो, जीव तुटतो आणि मग घाईत असं काही केलं जातं की कुत्रा तिथेच राहतो आणि मदत करणारा पोलीस ठाण्यात जाऊन बसतो. खालच्या चुका वारंवार होतात, म्हणून त्यांची कारणं आणि त्यावरचे उपाय तपशिलात दिले आहेत.

आधी इन्स्टाग्राम, मग बाकी सगळं

सर्वांत पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे. मालकाचं नाव, फ्लॅट नंबर आणि चेहऱ्यासकट व्हिडिओ टाकला जातो. दोन तासांत शंभर शिव्या पडतात आणि रात्रीतून कुत्रा गावाकडच्या फार्महाउसवर किंवा कुणा ओळखीच्याकडे रवाना होतो. पुरावाही गेला आणि प्राणीही गेला. वर अब्रुनुकसानीची नोटीस येते ती वेगळीच.

व्हिडिओ जरूर काढा, पण तो फाइलसाठी. जिना, गच्ची, रस्ता अशा सामायिक जागेतून किंवा स्वतःच्या घरातून काढा. एकच हृदयद्रावक फोटो तक्रारीत फारसा टिकत नाही, कारण मालक म्हणतो, “त्याच दिवशी तेवढा बांधला होता.” सात ते दहा दिवस, रोज सकाळी, दुपारी आणि रात्री एकेक फोटो घ्या. फोटोत साखळीची लांबी, पाण्याचं भांडं, सावली आहे की नाही आणि कुत्र्याच्या बरगड्या दिसल्या पाहिजेत. मूळ फाइल मोबाइलमध्येच ठेवा, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोत काढल्याची तारीख-वेळ टिकत नाही. सोबत एक साधी वही ठेवा: तारीख, वेळ, काय दिसलं, आणखी कुणी पाहिलं.

साखळी सोडून कुत्रा घेऊन येणं

दार उघडं होतं, घरात कुणी नव्हतं, म्हणून कुत्रा काढून आणला. हेतू कितीही चांगला असला तरी यातून भारतीय न्याय संहितेतल्या चोरीची (कलम 303) आणि फौजदारी अतिक्रमणाची (कलम 329) तक्रार तुमच्यावर होऊ शकते. कुत्रा मालकाला परत द्यावा लागतो, आणि पुढच्या वेळी पोलीस तुमचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात.

अपवाद जिवावरच्या प्रसंगाचा. मालक कुलूप लावून गावाला गेलाय, मे महिन्याचं ऊन आहे आणि कुत्रा गॅलरीत धापा टाकत पडलाय, अशा वेळी 112 वर फोन करा, सेक्रेटरीला बोलवा आणि अग्निशमन दलाला 101 वर कळवा. कुलूप तोडायचं असेल तर ते पोलिसांच्या समोर, पंचनामा करूनच. घरातल्या इतर वस्तूंना हात लागला नाही याचा अखंड व्हिडिओ ठेवा. घरातलं काही हरवल्याचा आरोप हमखास येतो.

कुत्रा बाहेर आला की थर्मामीटर गुदद्वारात लावून ताप बघा. साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान. 105 च्या वर गेलं तर उष्माघात समजा. अंगावर बर्फ ठेवू नका, त्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच कोंडते. नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत आणि पंजांवर ओता, पंखा लावा आणि दवाखान्याकडे निघा. 103 वर आलं की पाणी थांबवा, नाहीतर ताप खूप खाली जातो. पग, फ्रेंच बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना यात फार कमी वेळ मिळतो.

“एफआयआर घ्याच” म्हणून अडून बसणं

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याच्या कलम 11(1) मध्ये नेमकं तेच लिहिलंय जे तुम्हाला दिसतंय: अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधणं (खंड एफ), सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं (जी), पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं (एच), आणि उपासमार होईल अशा परिस्थितीत सोडून देणं (आय). पण हे खंड अदखलपात्र आहेत. ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतो, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्याला तपास करता येत नाही. तो टाळाटाळ करत नसतो, कायदाच तसा आहे. शिक्षाही ऐकून घ्या: पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. कित्येक दशकांपूर्वीचा आकडा, आजही तोच.

मग तक्रार का करायची? कारण मालकाला दंडाची नसली तरी ठाण्यातून आलेल्या फोनची भीती असते. आणि गुन्हा सिद्ध झाला तर कलम 29 खाली न्यायालय त्याची मालकी काढून घेऊ शकतं. मात्र कलम 36 प्रमाणे प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो. सहा महिने वाट पाहून “पूर्वी असं व्हायचं” अशी केलेली तक्रार तिथेच संपते. म्हणून अर्जात सर्वांत अलीकडची तारीख ठळक लिहा.

मारहाणीत हाड मोडलं, विष घातलं, अपंग केलं किंवा जीव घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, ते दखलपात्र आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत. अशा वेळी एफआयआरचा आग्रह जरूर धरा.

अर्ज एका पानाचा असू द्या. “मुक्या जिवावर अन्याय” वगैरे लिहिण्यापेक्षा तारखा, कलमं, जागेचा पत्ता आणि फोटोंची संख्या लिहा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तिसरी प्रत जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात द्या. केंद्राच्या 2001 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी सोसायटी असायला हवी. ती तुमच्या जिल्ह्यात कितपत चालती आहे हे त्या कार्यालयातच कळेल. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल याच कामातल्या जुन्या संस्थेचं आहे.

पशुवैद्यकाचा कागद मिळाला तर अर्जाचं वजन दुपटीने वाढतं. “कुत्रा अशक्त आहे” एवढं पुरत नाही. वजन, 9 पैकी शारीरिक स्थितीचा गुण (4-5 चांगला, 1 म्हणजे नुसता सापळा), गळ्यावरच्या जखमेचं माप, नखांची वाढ आणि ही अवस्था व्हायला साधारण किती काळ लागला असावा, एवढं लिहून मागा.

मालकाशी न बोलता लढाई सुरू करणं

खरं सांगायचं तर बहुतेक कुत्री कायद्याने सुटत नाहीत, ती मालकाच्या सहीने सुटतात. अनेक घरांत कुत्रा नकोसा झालेला असतो: मुलगा शिकायला परगावी गेला, घरात बाळ आलं, आजी आजारी पडली. टाकून दिला तर लोक काय म्हणतील म्हणून तो गॅलरीत बांधलेला राहतो. त्यांना सुटकेची वाट हवी असते, आरोप नको असतो.

म्हणून पहिल्या भेटीत दोघंच जा, त्यातला एक त्यांच्या ओळखीचा असावा. कॅमेरा खिशात ठेवा. “काका, याला संध्याकाळी मी फिरवून आणलं तर चालेल का?” या एका प्रश्नातून जितकं कळतं तितकं दहा नोटिशींतून कळत नाही. हो म्हणाले तर कुत्रा रोज अर्धा तास बाहेर येतो, डॉक्टरकडे नेता येतो, आणि महिनाभरात “तुम्हीच घेऊन जा” असं बरेचदा तेच म्हणतात.

आणि इथे पुढची चूक होते: तोंडी “घेऊन जा” वर विसंबणं. आठ दिवसांनी त्यांचा भाऊ येतो आणि म्हणतो, कुत्रा आमचा आहे. साध्या कागदावर का होईना, पण लिहून घ्या. मालकाचं नाव-पत्ता, कुत्र्याची जात, रंग, वय आणि खुणा, मायक्रोचिप असेल तर तिचा 15 आकडी क्रमांक, “मी स्वखुशीने मालकी हक्क सोडत आहे आणि पुढे परत मागणार नाही” हे वाक्य, तारीख, सही, दोन साक्षीदार. लसीकरणाची वही आणि महापालिकेचा परवाना असेल तर तोही त्याच वेळी मागून घ्या. नंतर तो मिळत नाही.

सोसायटीचाही यात हात असतो, हे मान्य करायला जड जातं. भुंकण्याच्या तक्रारी, लिफ्टमध्ये बंदी, बागेत बंदी, अशाने वैतागलेला मालक कुत्र्याला बाहेर काढणंच बंद करतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. सभेत हा मुद्दा मांडा आणि फिरवायच्या वेळा व घाण उचलण्याचा नियम ठरवून घ्या. कधीकधी तेवढ्यानेच साखळी सुटते.

घरी आणल्यावर पोटभर दूध-पोळी

सुटून आलेल्या हाडकुळ्या कुत्र्यासमोर आपण पातेलंभर दूध-पोळी, दूध-बिस्किटं किंवा दहीभात ठेवतो. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिष्ट आणि साखर गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस व पोटॅशियम पेशींत खेचलं जातं. दोन ते पाच दिवसांत कुत्रा लटपटतो, धाप लागते, झटके येतात आणि “इतकं खात होता, अचानक गेला” असं होतं. अचानक नसतं ते.

10 किलोच्या कुत्र्याला निव्वळ पडून राहायला दिवसाला साधारण 400 कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याचा चौथा हिस्साच द्या, म्हणजे 100 कॅलरी: एक उकडलेलं अंडं आणि मोठा चमचाभर उकडलेलं बिनहाडाचं चिकन, पाच-सहा वेळांत विभागून. मीठ, हळद, मसाला नाही. दुसऱ्या दिवशी निम्मं, तिसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण. दवाखान्यात मिळणारं रिकव्हरी फूड याहून बरं. वजन इथे आत्ताचं धरायचं, असायला हवं ते नव्हे. अगदीच सापळा झालेल्या कुत्र्याचं खाणं डॉक्टरांनी रक्त तपासून ठरवावं. पाणीही थोडं थोडं, दर पंधरा-वीस मिनिटांनी, नाहीतर घटाघटा पितो आणि सगळं ओकतो.

पहिल्या दिवशी आंघोळ नको. अशक्त कुत्रं ओलं झालं की गारठतं, आणि जटा भिजल्या की आणखी आवळतात. जटा घरच्या कात्रीने कापू नका, त्यांत कातडी ओढली गेलेली असते आणि हमखास कापली जाते. ते काम दवाखान्यात, मशीनने, लागल्यास गुंगी देऊन. मानेत रुतलेला पट्टाही तसाच दवाखान्यात न्यायचा, ओढून काढायचा नाही.

जखमेत किडे पडलेत म्हणून फिनाईल किंवा रॉकेल ओतणारे अजूनही भेटतात. दोन्हींनी मांस भाजतं आणि चाटल्यावर विषबाधा होते. मांजराला तर फिनाईलचा अंश अंगावर राहिला तरी चाटून त्रास होतो. किड्यांसाठीची पावडरही मांजरांना आणि पिल्लांना मनाने लावू नका. आपल्या घरातली औषधंही नकोत: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्याला 14 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी, टॉवेल, चपला वेगळ्या. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देत नाही. आधी घाण धुऊन काढा, मग एक लिटर पाण्यात 30 मिली ब्लीच घालून दहा मिनिटं फरशी ओली राहू द्या. ब्लीच कुठल्याही ॲसिडमध्ये मिसळू नका.

घाबरलेला कुत्रा चावतो, त्यात त्याचा दोष नाही. चावा किंवा ओरखडा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हे काम नेहमी करणाऱ्यांनी आधीच 0, 7 आणि 21 किंवा 28व्या दिवशी प्रतिबंधक डोस घेऊन ठेवावेत.

पिंजऱ्यातला राघू सोडून देणं

कुत्र्यांच्या लेखात पोपट कुठून आला म्हणाल, पण वाड्यावस्तीतला सर्वांत दुर्लक्षित पाळीव जीव तोच. देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हाच आहे, त्यामुळे इथे मालकीचा प्रश्न येत नाही. पण पिंजऱ्याचं दार उघडलं की पुण्य लागतं हा समज सोडा. वर्षानुवर्षं न उडालेल्या पंखांत बळ नसतं, अन्न शोधणं येत नाही, आणि तासाभरात कावळे किंवा मांजर त्याला गाठतं. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

पहिल्या मागणाऱ्याला देऊन टाकणं

“लॅब्रडॉर, मादी, 3 वर्षं, फुकट” अशी पोस्ट टाकली की तासाभरात फोन येतात. त्यातले काही पिल्लं विकणारे असतात. लोंबलेली आचळं आणि नसबंदीचा टाका नाही, असं दिसलं तर ती कुत्री बहुधा तिथूनच सुटून आलेली असते, तिला परत तिथेच पाठवू नका. तब्येत सुधारल्यावर आधी नसबंदी, मग दत्तक. कुत्रा नुसता सापडलेला असेल, मालकाचा कागद नसेल, तर आधी दवाखान्यात चिप तपासून घ्या आणि पोलीस ठाण्यात कळवा. तो टाकलेला नसून हरवलेला असू शकतो.

घेणाऱ्याच्या घरी स्वतः जा. गॅलरीला जाळी आहे का, दिवसभर घरी कोण असतं, आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाची हरकत नाही ना, हे विचारा. घरातल्या सगळ्यांना भेटल्याशिवाय हो म्हणू नका, एकाचा हट्ट आणि बाकीच्यांची नाराजी असेल तर कुत्रा पुन्हा गॅलरीतच जातो. ओळखपत्राची प्रत आणि “नको झाला तर आम्हालाच परत द्यायचा” ही अट लिहून घ्या. मग सातव्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी व्हिडिओ कॉल करा, आणि त्यातला एक तरी न सांगता.